खडखड, कुरकुर, टिकटिक

"मॅडम, आवाज कसा येतो?"

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलानं असं विचारल्यावर मी त्याला तोंडानं आवाज काढून दाखवला. टक्. टक्टक्. मग जरा वेळ काहीच नाही. मग पुन्हा टक्. शेजारी उभे असलेले एक काका माझ्याकडे बघून हसले. पाच मिनिटांनी तेच काका त्यांच्या गाडीचा आवाज काढून दाखवत होते, आणि तो खुडूक कोंबडीसारखा होता. मग मी हसून घेतलं.

मुलगा म्हणाला, चक्कर मारून बघू. मी चालवायला बसले, तो शेजारी. त्यानं पट्टा लावला आणि आम्ही पुलापर्यंत जाऊन आलो. मुद्दाम खड्ड्यांतून गाडी घातली, स्पीडब्रेकर शोधून शोधून ओलांडले. आवाज आला नाही. एकदाही नाही. त्याला सोडून मी एकटी घरी निघाले आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला टक्.

हे तीनदा झालं. पहिल्यांदा उत्तर मिळालं, "नवीन प्लास्टिक आहे, सेट होईल." दुसऱ्यांदा, "सगळ्याच गाड्यांना थोडा असतो." तिसऱ्यांदा त्यानं फारच प्रेमानं विचारलं, "मॅडम, तुम्ही गाडीत गाणी नाही का लावत?"

स्वतःच्या पैशांनी घेतलेली पहिली गाडी. हप्ते अजून चार वर्षं आहेत. अशा गाडीत एक अनोळखी आवाज राहतो, भाडं देत नाही आणि मी एकटी असतानाच बोलतो. बाबा शेजारी बसले की तोही गप्प. मला वाटलं, वजनाचा प्रश्न असेल. शेजारच्या सीटवर कुणी बसलं की खालचं काहीतरी दाबलं जात असेल. म्हणून दहा किलो तांदळाची पिशवी गाडीत ठेवली. सीटवर ठेवली तर पट्टा लावा म्हणून भोंगा वाजत राहतो, म्हणून खाली पाय ठेवायच्या जागी ठेवली. टक्. टक्टक्. तांदूळ घरी परत.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मला तर काही ऐकू येत नाही बुवा." पण त्यांना तसंही बरंच काही ऐकू येत नाही. त्याकडे नंतर येते.

*

आवाज सापडेना, म्हणून मी रात्री मोबाईलवर आवाजांबद्दल वाचायला लागले. सुरुवात तक्रारीपासून झाली आणि हळूहळू ते गाड्यांच्या इतिहासात शिरलं. मला वाटत होतं की गाडीतला आवाज म्हणजे वाईट बनावट, आणि गाड्या सुधारत गेल्या तसे आवाज कमी कमी होत गेले असणार. तसं झालेलं नाही. झालं ते जास्त मजेशीर आहे.

आधी एक गोष्ट. या बाबतीत मराठी भाषा फार श्रीमंत आहे. खडखड, खुळखुळ, कुरकुर, करकर, किरकिर, टकटक, घरघर, गुणगुण. इंजिनियर लोक गाडीतल्या बारीक आवाजांचे मुख्यतः दोन प्रकार करतात आणि आपल्याकडे ते कधीचेच वेगळे आहेत. खडखड म्हणजे दोन वस्तूंमध्ये फट आहे आणि त्या एकमेकींवर आपटतात. कुरकुर म्हणजे फट नाही, त्या एकमेकींना घासतात.

घासण्यातून आवाज का यावा? कारण घासणं आपल्याला वाटतं तसं सलग नसतं. वस्तू अडकते, ताण साठतो, एकदम सुटते, पुन्हा अडकते. सेकंदाला शेकडो वेळा हे झालं की कान त्याला सूर समजतो. १९३९ साली केंब्रिजमध्ये फिलिप बाउडन आणि लेबेन या दोघांनी धातूवर धातू सरकवून हे अडकणं-सुटणं मोजून दाखवलं. व्हायोलिनचा गज तारेवर हेच करतो आणि दाराची बिजागरी रात्री दोन वाजता हेच करते. फरक फक्त कौतुकाचा आहे.

दोन्हींचे उपायही उलटे आहेत. खडखडीत फट भरायची: नमदा, फोम, कापडी टेप. कुरकुरीत एकतर वंगण द्यायचं, नाहीतर दोघांना लांब करायचं. कुरकुरणाऱ्या जागी फोम कोंबला की ती आणखी दाबली जाते आणि जास्त कुरकुरते. घरच्या घरी गाडी दुरुस्त करणारे बहुतेक लोक इथंच फसतात. मीही फसले. माझ्या डॅशबोर्डच्या फटींत अजून चार पट्ट्या आहेत, आता त्या काढता येत नाहीत.

*

पहिल्या मोटारी म्हणजे घोडा काढून टाकलेल्या बग्ग्या होत्या, हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. त्याचा आवाजाच्या दृष्टीनं अर्थ असा की खाली लोखंडी सांगाडा आणि वर सुताराचं काम. ॲश नावाच्या चिवट लाकडाची चौकट, तिच्यावर खिळ्यांनी आणि स्क्रूंनी बसवलेला पत्रा. रस्त्यावर खालचा सांगाडा पिळवटतो. वरची लाकडी चौकट त्याच्याबरोबर पिळवटायला तयार नसते. मग सांधे ढिले होतात, खिळे आपल्या भोकांत हलायला लागतात आणि लाकूड लाकडावर घासतं. नवी गाडी पहिल्या वर्षी गप्प, दुसऱ्या वर्षी कुरकुर, तिसऱ्या वर्षी बैलगाडी. खरं तर बैलगाडीची अवस्था बरी, तिच्या आसाला निदान वंगण द्यायची सोय असते. मोटारीच्या सांध्यांना वंगण कुठून देणार? ते पत्र्याच्या आणि गाद्यांच्या आत बंद.

या कुरकुरीवर एका माणसानं सगळा धंदा उभा केला. त्याचं नाव चार्ल्स टेरेस वेमन. जन्म १८८९, हैतीमधलं पोर्ट-ओ-प्रिन्स. वडील अमेरिकन, आई हैतीची. हा मूळचा वैमानिक. १९११ साली त्यानं इंग्लंडमध्ये विमानांची गॉर्डन बेनेट शर्यत अमेरिकेसाठी जिंकली होती. त्या काळची विमानं म्हणजे हलकी लाकडी चौकट आणि वर ताणलेलं कापड. हवेत ती सतत थरथरायची, वाकायची, पण मोडत नसत, कारण ती वाकण्यासाठीच बनवलेली होती.

१९२०च्या दशकाच्या सुरुवातीला वेमननं हा विचार मोटारीत आणला. बाकीचे कारागीर चौकट आणखी घट्ट, आणखी जड करण्याच्या मागे होते. वेमननं चौकट मुद्दाम सैल केली. त्यानं लाकडाचे तुकडे एकमेकांना टेकूच दिले नाहीत. दोन तुकड्यांत काही मिलीमीटरची फट ठेवायची आणि ते बाजूनं पोलादी पट्ट्यांनी जोडायचे. चौकट हलली की पट्टी वाकते. लाकूड लाकडाला लागतच नाही, मग कुरकुरणार कोण? वर पत्र्याऐवजी रेक्झिनच्या जातीचं कापड, आतून कापसाचा थर. पत्रा नाही म्हणजे पत्र्याचा दणदणाटही नाही.

मला हे वाचून फार बरं वाटलं. कुरकुर थांबवायची तर दोघांना आणखी आवळू नका, त्यांच्यात जरा अंतर ठेवा. (आमच्या सोसायटीच्या कमिटीला हे पाठवावं असं मनात आलं होतं.)

वेमनच्या गाड्या खरोखर गप्प होत्या आणि हलक्याही. फ्रान्स, इंग्लंड, अमेरिका, सगळीकडे बॉडी बांधणाऱ्यांनी त्याची पद्धत परवाना घेऊन वापरली. अमेरिकेत स्टट्झसारख्या महागड्या गाड्यांवर कापडी वेमन बॉडी असे. आणि दहाएक वर्षांत हे सगळं संपलं.

संपलं ते आवाजामुळे नाही, चकाकीमुळे. १९२४च्या सुमारास मोटारींवर ड्यूकोसारखे नवे सेल्युलोज रंग आले. ते लवकर वाळायचे आणि आरशासारखे चमकायचे. आपल्याकडे जुन्या गॅरेजांत अजून कुठल्याही चकचकीत रंगाला 'ड्यूको' म्हणतात, तो हाच. कापड असं चमकत नाही. शिवाय ते काही वर्षांत मळतं, शिवणींतून पाणी शिरतं, आतलं लाकूड कुजतं. लोकांपुढे दोन गाड्या होत्या, एक गप्प पण मळखाऊ, दुसरी चमचमणारी. त्यांनी दुसरी घेतली. इंग्लंडमधल्या वेमन कंपनीनं मग बसच्या बॉडी बांधायला घेतल्या, धातूच्या.

*

ती दुसरी गाडी पोलादाची होती. फिलाडेल्फियातल्या एडवर्ड बड या माणसानं १९१२ साली कंपनी काढली. लाकूड अजिबात नको, पत्रा साच्यात दाबून आकार द्यायचा आणि तुकडे वितळवून एकमेकांना जोडायचे, म्हणजे वेल्ड करायचे, हा त्याचा हट्ट. त्याच्याबरोबर जोसेफ लेडविंका नावाचा मूळचा व्हिएन्नाचा इंजिनियर होता. १९१४ साली डॉज बंधूंनी त्यांना मोठी ऑर्डर दिली. युरोपात सित्रोएननं त्यांचं तंत्र घेतलं आणि १९२४ साली पूर्ण पोलादी बॉडीची गाडी दाखवली. दहा वर्षांनी, १९३४ साली, सित्रोएनच्याच त्राक्सियाँ आवाँमध्ये खालचा वेगळा सांगाडा गेला. बॉडी हाच सांगाडा. आज रस्त्यावर दिसणारी जवळजवळ प्रत्येक कार त्याच वंशातली.

वितळवून जोडलेला सांधा कुरकुरत नाही, कारण तो सांधा राहतच नाही. खिळा नाही, स्क्रू नाही, लाकूड नाही. कुरकुर संपली.

आणि मग लोकांना दुसराच आवाज ऐकू यायला लागला. पत्रा मोठा असला, चहूबाजूंनी पकडलेला असला आणि त्याला इंजिनाचे हादरे मिळाले की तो ढोल होतो. छप्पर घुमायला लागलं, तळ घुमायला लागला, डोकं भणभणायला लागलं. अमेरिकेत १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच गाड्यांच्या छपराचा मधला भाग कापडाचाच असे. एवढ्या रुंदीचा पत्रा दाबणं अवघड होतं हे एक कारण. अख्खं छप्पर पत्र्याचं झाल्यावर त्याला आतून डांबराचे आणि नमद्याचे थर चिकटवणं आलं. तुमच्या गाडीतला गालिचा उचललात तर खाली डांबरट चादरी चिकटवलेल्या दिसतील. त्या पाण्यासाठी नसतात, पत्र्याचा ढोल बंद करण्यासाठी असतात.

पत्रा गप्प झाला तर इंजिन. चार सिलिंडरचं इंजिन स्वभावानंच हादरतं आणि तेव्हा ते थेट सांगाड्याला बोल्टनं आवळलेलं असे. १९३१ साली क्रायस्लरनं आपल्या स्वस्त प्लिमथ गाडीचं इंजिन रबरावर बसवलं, तेही अशा बेतानं की ते स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती डुलेल. नाव ठेवलं 'फ्लोटिंग पॉवर'. तरंगणारं इंजिन. पुढच्याच वर्षी सित्रोएननं ते घेतलं आणि जाहिरातीत हंस काढला. गॅरेजमध्ये 'इंजिन माउंटिंग बसलंय, बदलावं लागेल' असं ऐकून तुम्ही दोन-तीन हजार रुपये दिले असतील, तर ते त्या हंसाच्या खात्यावर.

ही गोष्ट आपल्याकडे आली ती कुर्ल्याला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, ती याच क्रायस्लरशी करार करून. १९४०च्या दशकाच्या अखेरीस कुर्ल्यात डॉज, डिसोटो आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जात होत्या. मग फियाट आली. १९५०च्या दशकातली गोलमटोल फियाट ११०० तुमच्या आजोबांच्या पिढीला 'डुक्कर फियाट' म्हणून आठवत असेल. तीही वेगळा सांगाडा नसलेली, बॉडीच सांगाडा असलेली गाडी. तिच्याच पुढच्या अवताराची प्रीमियर पद्मिनी झाली, आणि पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी. ३० ऑक्टोबर २०२३पासून ती मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. शेवटची नोंदणी २००३ साली झाली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे.

पद्मिनीच्या टॅक्सीत बसल्याचं तुम्हाला आठवत असेल तर एक प्रयोग करा. तिच्यात कुठली वस्तू खडखडत होती, हे आठवून बघा. नाही आठवणार. खडखडत नव्हती म्हणून नाही. इंजिन, गिअर, उघड्या खिडक्या, हॉर्न आणि टॅक्सीवाल्यांच्या राजकारणावरच्या गप्पा, या सगळ्यांच्या खाली एखादी टक् कुणाला ऐकू येणार? मोठा आवाज छोट्या आवाजाला झाकतो. कान असाच बनलेला आहे.

*

इथं मला माझ्या तीन महिन्यांच्या वाचनातला सगळ्यात लाडका किस्सा सांगायचाय.

१९५८ साली डेव्हिड ओगिल्व्ही या जाहिरातवाल्यानं रोल्स-रॉइससाठी एक जाहिरात केली. मथळ्याचा आशय असा: ताशी ६० मैलांच्या वेगाला या गाडीतला सगळ्यात मोठा आवाज असतो तो तिच्यातल्या विजेच्या घड्याळाचा. जाहिरातीच्या अभ्यासक्रमात हा मथळा आजही शिकवतात. (तो पूर्णपणे नवा नव्हता, पिअर्स-ॲरो या अमेरिकी कंपनीच्या १९३३च्या जाहिरातीत घड्याळाच्या टिकटिकीची जवळपास हीच कल्पना होती.) पण ओगिल्व्हीनं पुढे सांगितलेली गोष्ट जास्त चांगली आहे. रोल्स-रॉइसच्या एका वरिष्ठ इंजिनियरनं हा मथळा वाचला आणि उदास होऊन मान हलवली. म्हणाला, त्या घड्याळाचं आता काहीतरी करायला हवं.

जाहिरातवाल्याला जिथं शांतता दिसली तिथं इंजिनियरला पुढचा आवाज दिसला. दोघेही बरोबर होते. मोटारीच्या शांततेचा इतिहास मला तरी असाच दिसतो. लाकूड गप्प केलं तर पत्रा बोलला, पत्रा गप्प केला तर इंजिन, इंजिन गप्प केलं तर टायर आणि वारा, आणि ते सगळे गप्प झाल्यावर घड्याळ. आवाज कमी होत गेले हे खरंच आहे. पण दर वेळी जो उरला तोच सगळ्यात मोठा वाटला.

आणि नंतर आलं प्लास्टिक. डॅशबोर्ड, दारांचे आतले भाग, खांबांवरची आवरणं, सगळं प्लास्टिकचं. प्लास्टिक हलकं असतं, स्वस्त असतं, अपघातात डोकं फोडत नाही. पण उन्हानं ते पोलादाच्या निदान पाचपट प्रसरण पावतं. पोलादी सांगाड्यावर क्लिपांनी बसवलेला दीडेक मीटरचा डॅशबोर्ड मेमधल्या दुपारी आणि डिसेंबरमधल्या पहाटे एकाच लांबीचा नसतो, काही मिलीमीटरचा फरक पडतो. म्हणून काही आवाज हिवाळ्यात येतात आणि उन्हाळ्यात जातात, आणि लोकांना वाटतं गाडी मूडी आहे. पुण्यात एआरएआय ही वाहनसंशोधनाची संस्था १९६६पासून आहे. तिथं गाड्यांच्या आवाज आणि कंपनांसाठी वेगळी प्रयोगशाळा आहे. प्रतिध्वनी नसलेल्या खोल्या, गाडी जागेवर हलवणारी यंत्रं. आणि आम्ही तोंडानं टक्टक् करून दाखवतोय.

आता विजेच्या गाड्या. इंजिनच नाही म्हटल्यावर झाकायला काही उरलंच नाही; बाटली ठेवायच्या खाचेतलं नाणंसुद्धा सभा घेतं. बाहेरून तर त्या इतक्या गप्प आहेत की युरोपात २०१९पासून नव्या मॉडेलना आणि २०२१पासून सगळ्याच नव्या विजेच्या गाड्यांना कमी वेगात मुद्दाम आवाज काढणं सक्तीचं झालं, पायी चालणाऱ्यांना कळावं म्हणून. शंभर वर्षं आवाज मारण्यात घालवली आणि शेवटी स्पीकर लावला.

*

आता बाबा.

बाबा ठाण्याच्या बाजूच्या एका कारखान्यात एकोणतीस वर्षं पत्रा दाबायच्या खात्यात होते. कारखान्याचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. तिथं मोटारींचे भाग बनायचे: दारांचे आतले पत्रे, बॉनेटचे मजबुतीचे तुकडे, असलं. म्हणजे बडनं फिलाडेल्फियात जे सुरू केलं तेच. पोलादाचा सपाट पत्रा साच्यावर ठेवायचा, वरून कित्येक टनांचा दाब येतो, धाड्, आणि आकार तयार. मिनिटाला इतके, पाळीला इतके. बाबा कामावरून आले की टीव्हीचा आवाज वाढवायचे आणि आई तो कमी करायची. आमच्या लहानपणी घरात यावरून रोज भांडण होई. आम्हाला वाटायचं, बाबांना सवय आहे.

सवय नव्हती. २०१८ साली त्यांच्या कानांचा आलेख काढला. खालच्या सुरांची रेघ बरीचशी ठीक, आणि चार हजार हर्ट्झच्या आसपास रेघ दरीत कोसळलेली. डॉक्टरांनी न विचारताच विचारलं, "प्रेस शॉप की लूम?" सतत मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाचा कान नेमका याच जागी आधी जातो. स, श, च, फ ही व्यंजनं तिकडेच वरच्या पट्टीत असतात. म्हणून बाबांना आपण बोलतोय हे कळतं, काय बोलतोय हे कळत नाही. 'साखर संपली' मधलं त्यांना 'आ-अ-अं-ई' ऐकू येतं. गाडीतली कुरकुर आणि टकटकही बरीचशी तिथंच, त्या दरीत.

हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. ग्लासगोच्या थॉमस बार नावाच्या कानाच्या डॉक्टरांनी १८८६ साली बॉयलर बनवणारे शंभर कामगार तपासले. हे लोक लोखंडी टाकीच्या आत बसून रिव्हेट धरायचे आणि बाहेरून हातोडे पडायचे. तुलनेसाठी त्यांनी शंभर पोस्टमनही तपासले. तपासायचं साधन काय, तर खिशातलं घड्याळ. त्याची टिकटिक किती लांबून ऐकू येते ते मोजायचं. पोस्टमनना ती हातभर अंतरावरून ऐकू येई. बॉयलरवाल्यांना सरासरी काही इंचांवरून. शंभरात एकाचाही कान शाबूत नव्हता.

मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ मोबाईल खाली ठेवला. एका घड्याळाची टिकटिक ऐकू आली म्हणून जगातली सगळ्यात शांत गाडी. आणि दुसऱ्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही तो गाडीचा पत्रा बनवणारा.

आपल्याकडच्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कळवण्याजोगा व्यावसायिक आजार म्हणून होता. आठ तासांच्या पाळीला नव्वद डेसिबलची मर्यादा होती. बाबांना विचारलं, तुम्हाला कानात घालायला काही देत होते का? म्हणाले, "द्यायचे की. ऑडिट असलं की द्यायचे." मग म्हणाले, "घातलं तर साचा नीट बसला का ते कळत नाही. आवाजावरून कळतं. खोटा बसला तर आवाज वेगळा येतो, हात काढायला वेळ मिळतो." त्यांच्या खात्यात दोघांची बोटं गेली होती. बाबांची दहाच्या दहा आहेत. त्यांचा हिशेब असा आहे आणि तो मला खोडता आलेला नाही.

रागावले मी त्यांच्यावरच. इतकी वर्षं सांगितलं का नाही म्हणून. ते म्हणाले, "काय सांगायचं? ऐकू येत नाही हे ज्याला ऐकू येत नाही त्याला कसं कळणार?"

*

या जानेवारीत बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. महिन्याभरानं त्यांना डोंबिवलीहून पुण्याला आत्याकडे सोडायचं होतं. पाय लांब ठेवायला सांगितलं होतं, म्हणून ते पुढे माझ्या शेजारी न बसता मागे बसले. माझ्या बरोबर मागे, पट्टा लावून पण जरा तिरके, पाय डावीकडे ताणलेला, मांडीखाली उशी. पुढची डावी सीट रिकामी.

एक्स्प्रेसवेला लागलो. तिथला रस्ता काँक्रीटचा, ठराविक अंतरावर जोड. प्रत्येक जोडाला टायर ठक् करतं आणि त्याच्या पाठोपाठ माझा तो आवाज. टक्. टक्. टक्. इतका नियमित कधीच आला नव्हता. मी दात आवळून चालवत होते. बाबांना सांगून उपयोग नव्हता. खालापूरचा टोलनाका गेला, घाट सुरू झाला.

"तो पट्टा का नाचतोय?" बाबा मागून म्हणाले.

"काय?" मी ओरडून विचारलं. गाडीत मी नेहमी त्यांच्याशी ओरडूनच बोलते.

"तुझ्या शेजारच्या सीटचा पट्टा. त्याचं बक्कल. खांबावर आपटतंय बघ सारखं."

मी बघू शकत नव्हते, घाटात होते. बाबांनी हात लांब केला आणि डाव्या खांबावर लोंबणारं ते पट्ट्याचं लोखंडी जीभवालं टोक मुठीत धरलं.

आवाज थांबला.

सर्व्हिस सेंटरचा मुलगा शेजारी बसला की पट्टा लावायचा. बाबा शेजारी बसले की पट्टा लावायचे. बक्कल खाली खटक्यात जाऊन बसायचं आणि खांब गप्प. मी एकटी असले की ते मोकळं लोंबायचं आणि खांबाच्या प्लास्टिकवर टकटक करायचं. दहा किलो तांदूळ मी सीटवर ठेवले असते, तर भोंग्याला कंटाळून त्यांना पट्टा लावला असता, आणि तेव्हाच कळलं असतं. डॅशबोर्डमधल्या चार पट्ट्या फुकट गेल्या.

"गेला?" बाबांनी विचारलं. त्यांना आवाज आला नव्हता आणि गेल्याचंही कळलं नव्हतं. आरशात ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"गेला," मी म्हटलं.

"मग धरतो."

"अहो बाबा, राहू दे, हात दुखेल. लोणावळ्याला थांबून रुमाल गुंडाळू."

"काय?"

"रुमाल!"

"असू दे," ते म्हणाले, आणि बक्कल मुठीत धरून बसले.

लोणावळा मागे गेलं. गाडी घेतल्यापासून इतकी गप्प कधीच नव्हती. कामशेतच्या आसपास मला डॅशबोर्डच्या उजव्या कोपऱ्यातून एक बारीकशी कुरकुर ऐकू आली. नवी नसावी. आधीच्या टकटकीखाली झाकलेली असणार. मी बाबांना काही सांगितलं नाही. ते डोळे मिटून बसले होते, मूठ तशीच वर होती.